राखेतली टरफलं

लिंबाची साल किसली की भिवपुरीचं आमचं परसू आठवतं. शाळेत शिकलेला केक मी तिथं चुलीवर, वाळू घातलेल्या पातेल्यात भाजला होता. घरात आत्याचा शब्द चालायचा; केकात अंडी आहेत हे तिला कळलं असतं, तर माझी इंग्रजी शाळा बंद झाली असती. टरफलं मी राखेत पुरली होती. मी गरम केकवर लिंबाच्या रसातली साखर ओतत होते तेव्हा आत्या समोरच बसली होती, आणि शेजारणीच्या कोंबडीनं नेमकी तीच राख उकरली. पांढरं टरफल वर आलं. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. माझ्या हातातली वाटी तशीच कलती राहिली. "अगं मडमे, रस सांडतोय," ती म्हणाली, आणि चिमट्यानं टरफल पुन्हा राखेत ढकललं. केक तिनं तोंडात घातला नाही. सोमवारी शाळेसाठी तो डब्यात मात्र तिनंच भरला. साल किसताना माझा हात अजून थबकतो.