कमलीबाईचा ढावलो

कमलीबाई मला पहिल्यांदा भेटली ती १९२८ साली, मानोऱ्याच्या शाळेच्या ओसरीवर. मी तिथं नवाच मास्तर होतो. जवळच्या तांड्यावरून ती मोळी विकायला आली होती. मोळी खाली टाकून ती म्हणाली, "मास्तर, तुह्या पोरायचा आवाज वेशीबाहेर येते. काहून बोंबलून राह्यले ते?"

पाढे म्हणतायत, असं मी सांगितलं.

"मंग चाल नीट लाव त्यायची. मधातच तुटून राह्यली," असं म्हणून तिनं मोळी उचलली आणि गेली. अंगावर आरशांचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि वर मास्तरला शिकवणं. मला राग आला होता, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी मी चाल बदलली, हेही कबूल केलं पाहिजे.

आपण कोणत्या साली जन्मलो हे तिला ठाऊक नव्हतं. जागा मात्र पक्की ठाऊक होती, पैनगंगेच्या काठी, बैलांच्या तळावर. तिच्या बापाचे बैल मीठ आणि धान्य वाहायचे. चालता येईपर्यंतची पोरं बैलाच्या पाठीवरच्या गोणीत बसायची. एका बाजूला पोर आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं मीठ. पुढे कारंज्याला आगगाडी आली आणि बैलांचं काम संपलं. बापानं बैल विकले, तांडा मानोऱ्याजवळच्या माळावर कायमचा बसला. तिचं लग्न त्याच तांड्यात झालं. नवरा मोठ्या तापाच्या साथीत गेला आणि हेमसिंग हा एकुलता एक मुलगा तिनं लाकडं विकून वाढवला.

पण तिची ओळख लाकडांची नव्हती. बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघते तेव्हा ती नुसती रडत नाही. ती आईच्या गळ्यात पडते, भावाच्या गळ्यात पडते, दावणीच्या बैलाच्यासुद्धा, आणि प्रत्येकाला उद्देशून चालीवर, शब्दांत रडते. त्याला ढावलो म्हणतात. हे रडणं शिकावं लागतं. लग्नाआधी दोन-तीन महिने जाणती बाई मुलीला जवळ बसवून शिकवते. मानोऱ्याच्या आसपासच्या चार तांड्यांत ही जाणती बाई म्हणजे कमलीबाई. तिनं शिकवलेली मुलगी रडायला लागली की वऱ्हाडी जेवण टाकून उठायचे. माणूस गेलं तरी चाल तीच, शब्द तेवढे बदलायचे. "घर सोडाचं का माणूस सोडाचं, रडनं एकच हाय," ती म्हणायची.

हेमसिंग चार इयत्ता शिकला होता. १९३० साली जंगल सत्याग्रहात रानातलं गवत कापून कायदा मोडणाऱ्यांत तो पुढे होता. चार महिने तुरुंगात राहून दिवाळीला परतला तो डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात छापील मराठी घेऊन. बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तो तांड्यावरून मानोऱ्यात राहायला आला. घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायची नाही, असा त्याचा नियम. कमलीबाई मात्र तांड्यावरच राहिली.

हेमसिंगला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. तो एकदा मला म्हणाला होता, "गुरुजी, आमची बोली कानावर पडली की लोक आधी आपल्या कोंबड्या मोजतात. माझ्या मुलीच्या वाट्याला ते नको." मला ते कळत होतं. मी कारंज्याच्या माळ्याचा मुलगा. माझी आई, आवडाबाई, बाजारात वांगी-मेथी विकायची. मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कुलात 'मले, तुले' म्हटल्याबद्दल मी मार खाल्ला आहे. आई मला भेटायला आली तेव्हा सोबत्यांसमोर मी तिला हळूच म्हणालो होतो, "आई, तू काही बोलू नकोस." ती दिवसभर बोलली नाही. भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तेव्हापासून मी शुद्ध बोलतो.

पुढच्या फेब्रुवारीत शिरगणती आली आणि आम्हा मास्तरांच्या गळ्यात तक्ते पडले. तांड्यावर कमलीबाईच्या झोपडीपुढे मी विचारलं, "बोली कोणती?"

"गोरमाटी," ती म्हणाली.

"मराठी लिहा, गुरुजी," शेजारी उभा असलेला हेमसिंग म्हणाला. "उद्या स्वराज्य आलं की भाषेवरून प्रांत पडतील. आपण कुणाचे, ते आजच कागदावर असू द्या."

मी मराठी लिहिलं. कमलीबाईनं काय लिहिलं म्हणून विचारलं तेव्हा हेमसिंग म्हणाला, "तू सांगितलं तेच." मी मान वर केली नाही.

त्याची मुलगी सहाव्या वर्षी माझ्या शाळेत आली. पटावर तिचं नाव पंचफुला असं मीच लिहिलं. कमलीबाई तिला नुसतं 'छोरी' म्हणायची. पंचफुला हुशार होती. तिचं मराठी असं की इन्स्पेक्टरसाहेबांनी मला विचारलं, ही पुण्याकडची का? त्या दिवशी मी घरी शिरा करायला लावला होता. आजीची बोली तिला समजायची, पण उलट बोलायचं झालं की ती अडायची आणि मराठीत उत्तर द्यायची.

१९४० च्या चैत्रात तिचं लग्न ठरलं, पुसदकडच्या एका सुधारक घरात. कमलीबाई पौषातच हेमसिंगच्या दारात येऊन बसली. छोरीला ढावलो शिकवायचा होता. हेमसिंगनं साफ नाही म्हटलं. लग्नाला त्याच्या चळवळीतली माणसं येणार होती, मंगलाष्टकं होणार होती, आणि त्यांच्यापुढे मुलीनं गळे काढायचे हे त्याला नको होतं. म्हातारी भांडली नाही. ती सरळ माझ्याकडे शाळेत आली.

"मास्तर, तुले लिवता येते. माहा ढावलो लिवून दे. लग्नात नाई रडली तं नाई रडली. मी मरन तवा तरी छोरीनं माह्या उशाशी बसून म्हनला पायजे. नाई तं मी मुकीच जाईन."

तीन दुपारी ती ओसरीवर बसून गायली. आधी गोरमाटीत ओळ म्हणायची, मग मला समजावं म्हणून आमच्या वऱ्हाडीत अर्थ सांगायची. तिच्या स्वतःच्या पाठवणीची, तिनं कुणालाच न शिकवलेली एक ओळ अशी होती: "याडी, म्हंजे माय. गोनीत एका बाजूनं मी होती, एका बाजूनं मीठ होतं. आता मी उतरून राह्यली. याडी, बैल तिरपा चालन."

आणि मी काय लिहिलं? ती वही आज माझ्यासमोर आहे. मी लिहिलं: 'हे जननी, तुझ्या संसाररूपी शकटाचा समतोल आज ढळत आहे.' मास्तरला दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. मला खरंच वाटत होतं की मी तिच्या गाण्यावर उपकार करतोय, ते चार शिकल्या माणसांत नेऊन बसवतोय. तिची मूळ ओळ मी एकही उतरवली नाही. ती बोली कागदावर कशाला, असंच मनात आलं असावं.

तिसऱ्या दुपारी तिनं वहीवर हात फिरवला. "माहेच शब्द लिवले ना?"

"हो," मी म्हणालो.

लग्न थाटात झालं. हेमसिंग तासभर बोलला, टाळ्या पडल्या. पंचफुला निघताना सगळ्यांच्या पाया पडली आणि खाली मान घालून गाडीत बसली. तांड्यावरच्या म्हाताऱ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कमलीबाईनं तेवढी वही तिच्या ओटीत टाकली.

कमलीबाई १९४३ च्या उन्हाळ्यात गेली. शेवटचे आठ दिवस ती कुणालाच ओळखत नव्हती. दोनदा तेवढं तिनं छोरी आली का म्हणून विचारलं. ती रात्री गेली आणि पंचफुला सकाळी पोचली, वही छातीशी धरून. तांड्यावरच्या बायका प्रेताभोवती बसून आपापल्या नात्यानं रडल्या. एक बहीण म्हणून रडली, एक सून म्हणून. मग नातीची पाळी आली आणि बायकांनी तिला उशाशी जागा करून दिली.

पंचफुलानं वही उघडली. स्वच्छ आवाजात, एकही उच्चार न चुकता तिनं वाचायला सुरुवात केली. मीच शिकवलं होतं तिला तसं वाचायला. चालीवर बसवायचा तिनं प्रयत्न केला, पण 'संसाररूपी शकट' त्या चालीवर बसेना. दुसऱ्या पानावर तिचा आवाज थांबला. एकाही बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. शेजारची आंधळी म्हातारी पुढे सरकून म्हणाली, "हे कोनाच्या घरचं हाय? कमलीचं कवा म्हनता?"

पंचफुला माझ्याकडे वळली. "गुरुजी, मिठाची एक ओळ होती ना? मी लहान असताना आजी ती गुणगुणायची."

होती, मी म्हणालो, आणि ती तिला सांगितली. कशी कोण जाणे, ती ओळ माझ्या तोंडून माझ्या आईच्या बोलीत आली, पंचवीस वर्षांनी. "गोनीत एका बाजूनं मी होती, एका बाजूनं मीठ होतं. आता मी उतरून राह्यली. बैल तिरपा चालन." हेमसिंग भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला. त्यानं तोंडात टोपीचा बोळा धरला होता.

"हा अर्थ झाला," पंचफुला म्हणाली. "आजीच्या बोलीत कसं आहे ते?"

मी हेमसिंगकडे पाहिलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ढावलो बायका बायकांना शिकवतात. त्यानं तो कधी कान देऊन ऐकलाच नव्हता.

"तिच्या बोलीत मी लिहिलं नाही," मी म्हणालो.

पंचफुलानं वही मिटून माझ्या हातात दिली. आजीच्या गळ्यात हात टाकून ती बराच वेळ बसली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. ऊन चढायला लागलं तशी माणसं तिला उचलायला उठली, आणि चार तांड्यांतल्या मुलींना रडायला शिकवणारी कमलीबाई मुकीच गेली.