मिलिंद ऐकत होता

मिलिंद गेल्याची बातमी आमच्या विठ्ठलवाडीच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर आली. तिच्याखाली लगेच कुणीतरी नातवाच्या बारशाचे फोटो टाकले, मग टँकर उशिरा येणार असल्याचा निरोप. बातमी वर सरकत दिसेनाशी झाली... मी बोटाने ती पुन्हा खाली ओढत राहिलो. महिना झाला, अजूनही ओढतो.

आम्ही दोघं त्या चाळीत भिंतीला भिंत लावून वाढलो. पुढे मी ठाण्याला कोलशेतला आलो, तो डोंबिवलीत स्थिरावला. चार-पाच कंपन्यांचे कॉम्प्युटर तो घरात बसून सांभाळायचा. समोर तीन स्क्रीन, कानाला एक फोन, दुसरा टेबलावर थरथरत असलेला, मांडीवर जेवणाचं ताट. आम्हाला कौतुक वाटायचं. त्यालाही ते आवडायचं.

एकदा त्याची मुलगी सायली खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "पप्पा, मला कॉलेजला नाही जायचं. भीती वाटते तिथे." हा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "हो हो, जाऊन ये." काही दिवसांनी ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुणाला सांगितलं होतंस का?" ती म्हणाली, "पप्पांना." मिलिंद तिथेच, खाटेशेजारी उभा होता.

त्यानंतर तो माझ्याकडे आलेला. "अरे, कानावर पडतं सगळं. पण आत पोचतच नाही रे. तू आत्ता काय बोललास, तेही नाही सांगता येणार मला." इतका घाबरलेला मिलिंद मी कधी पाहिला नव्हता.

अर्धी कामं त्याने सोडून दिली. रोज संध्याकाळी तो सायलीसमोर गॅलरीत बसू लागला, मोकळ्या हातांनी. सुरुवातीला ते जमेच ना. बोटं गुडघ्यावर टाइप करत राहायची, नजर दाराकडे जायची. "पप्पा, गेलात परत," ती म्हणायची. तो ओशाळून परत यायचा, "कुठून सुटलं माझं? तिथून सांग." ती पुन्हा तिथून सांगायची. असं कितीतरी महिने चाललं, तेव्हा कुठे त्या कॉलेजात तिला कोण आणि कसं छळत होतं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. कॉलेज बदललं. पोरगी हसायला लागली. संध्याकाळचं बसणं मात्र दोघांनी सोडलं नाही.

गेला त्या संध्याकाळीही ती बोलत होती. त्याची नजर तिच्यावर, हात स्थिर... हृदय कधी थांबलं, तिला कळलंच नाही. आज पप्पांचं लक्ष जराही हललं नाही, याचाच तिला आनंद होत होता.

परवा त्यांच्या घरी गेलो. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. मी त्याच्या खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात सायली म्हणाली, "ती नको, काका." वहिनींनी स्टूल आणून दिलं.

"माझं अर्धंच सांगून झालेलं," ती म्हणाली. "त्यांना कुठपर्यंत पोचलं असेल?"

तिने आपली खुर्ची किंचित पुढे ओढली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.