चार गिअर मागचे

झुलाल मिस्त्रींची मान वळत नाही. लेथवर वाकून वाकून ती एकदा जी अडकली ती अडकलीच. धुळ्याच्या साक्री रोडवरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये कुणी मागून हाक मारली, तर मिस्त्री पायांसकट वळतात, अरुंद बोळात बैलगाडी वळवावी तसे. शेजारी म्हणतात, मानेचा आजार आहे. नातेवाईक म्हणतात, मान पहिल्यापासून तशीच होती, आता तिला डॉक्टरचा दाखला मिळाला एवढंच.

मानेचं सोडा, माणूस हाताचा चांगला आणि तोंडाचा वाईट. केलेलं काम चुकलं असं आयुष्यात कबूल केलेलं नाही. बोललेला शब्द मागे घेणं त्यांना मान वळवण्याइतकंच अवघड. त्यामुळे नातवाच्या बारशाला, भर पंगतीत, व्याह्यांसमोर ते जे बोलून बसले, ते निस्तरणं भागच होतं.

व्याही म्हणजे नशिराबादचे चुडामण नाना, केळीचे बागायतदार. मिस्त्रींची एकुलती एक लेक रत्ना त्यांच्या दीपकला दिलेली. सासर खाऊनपिऊन सुखी, पण तीन वर्षं झाली, रत्ना आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आली नव्हती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे घरात आमरस असूनही तोंड कडूच. निंबाला झोका बांधायचा कुणासाठी आणि गौराईची गाणी म्हणायची कुणी? दरवर्षी नानांचा निरोप यायचा : केळीची कापणी चालू आहे, तिच्यावाचून अडतं.

त्या दिवशी पंगतीत नाना आपल्या नव्या जीपचं कौतुक सांगत होते. मिस्त्रींनी वरणाची वाटी खाली ठेवली.

"जीप कसली ती," ते म्हणाले, "माझी कॉन्टेसा पुढे गेली की तुमच्या जीपला तिची धूळ खात यावं लागेल."

"ती? नेमीचंदशेठच्या गोडाऊनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या ती?"

"तिच्यात आता कोंबड्या नाहीत. मोठं इंजिन आहे."

"मग या देवीच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैल पळवायच्या पट्ट्यावर. जिंकलात तर सून महिनाभर तुमची. हरलात तर आखाजीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कधीच."

मिस्त्री "मान्य" म्हणाले. रत्ना तेव्हा जिलेबी वाढत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं बापाच्या पानात जिलेबी जरा जोरात टाकली, एवढंच.

घरी आल्यावर कमलबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोर हरवून आलात, तेही जेवता जेवता."

खरी पंचाईत वेगळीच होती. कॉन्टेसात मोठं इंजिन होतं हे खरं, पण त्या इंजिनाला तिचा मागचा दांडा झेपत नव्हता. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, मधे लोखंडी गोळा असलेला तो आडवा दांडा म्हातारा झाला होता. पहिल्याच दणक्यात आतली एक सळई कडकन तुटली आणि गाडी साक्री रोडवर पेंगत उभी राहिली.

मिस्त्रींनी भंगार बाजारातून एका मालवाहू जीपचा दणकट दांडा आणला. दोन्ही बाजूंनी कापून तो कॉन्टेसाच्या मापाचा केला, आतल्या सळया लेथवर नव्यानं कातल्या. काम असं सुबक की कमलबाईंनीसुद्धा येता-जाता हात फिरवून पाहिला. शेवटी बसवताना लक्षात आलं की मधला गोळा उजवीकडे आहे आणि इंजिनाकडून येणारा शाफ्ट डावीकडे.

दुसरा कुणी असता तर त्यानं पुन्हा कापाकापी केली असती. पण म्हणजे आधी चुकलं असं झालं असतं. मिस्त्रींनी दांड्याकडे थोडा वेळ बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा तो उलटा केला. गोळा डावीकडे आला. तेल भरायचं भोक खाली गेलं, ते त्यांनी बुजवलं आणि वर नवीन पाडलं. सगळं चपखल बसलं. मिस्त्रींना स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि ते नेहमीप्रमाणे त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही.

त्यात आणखी त्यांनी जत्रेच्या देवीला नवस बोललेला : शर्यतीचा नारळ फुटेपर्यंत गाडी स्वतःच्या पायानं चालणार नाही. तेव्हा चाचणी झाली ती गाडी ठोकळ्यांवर चढवून. मागची चाकं हवेत गरगरली, मीटरचा काटा उजवीकडे टेकला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. एवढ्या वेगात चाक कुठल्या दिशेला फिरतं, हे बघायला कोण बसलंय?

"घरमा पंखा बंद शे," कमलबाई म्हणाल्या, "आनि तुम्ही चाकं फिराई ऱ्हायनात."

जत्रेच्या दिवशी गाडी ट्रकवर घालून नशिराबादला नेली. माणसांनी ढकलत पट्ट्यावर आणली. पुढे पट्ट्याच्या टोकाला रेषा आणि देवीचं देऊळ. शेजारी नानांची जीप, तिच्यात जावई दीपक. मागे मांडव, मांडवात सोफा, सोफ्यावर नेमीचंदशेठ. शेठजी वर्षानुवर्षं शंकरपटाचे पंच; बैलांचा निकाल देऊन देऊन कुणाचं नाक आधी रेषेपार जातं यावर त्यांचं फार लक्ष.

नारळ फुटला. निशाण पडलं. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलेटर मुळापर्यंत दाबला.

कॉन्टेसा अशी काही सुटली की धुरळ्यानं दिसेनासं झालं. धुरळा बसला तेव्हा ती मांडवात होती. शेठजी सोफा सोडून जिलेबीवाल्याच्या पाटावर चढले होते, आणि सोफा कॉन्टेसाच्या डिकीला चिकटून उभा होता.

"व्याही," नाना लांबून ओरडले, "देवी पुढे आहे. की धुळं मागे म्हणून निघालात?"

सगळी जत्रा हसली. मिस्त्री स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. मान वळत नसली तरी डोकं चालतं. भाकरीसारखा उलटलेला दांडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. चाकं उलटी फिरत होती. चार गिअर मागे जायचे आणि रिव्हर्स टाकला तर पुढे, तोही एकच.

कमलबाई आणि रत्ना धावत आल्या. "लागलं का?" कमलबाईंनी विचारलं.

"दांडा उलटा बसला," मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात कमलबाईंनी हे असलं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.  

"मग गाडीचं तोंड फिरवा," रत्ना म्हणाली. "मागे जायचे चार गिअर आहेत ना? मागे जाऊ."

"मागे बघणार कोण? माझी मान..."

"माझी वळते. आबा, सरका तिकडे."

शेठजी पाटावरून उतरले आणि त्यांनी निकाल दिला की सोफा हलल्यामुळे ही फेरी धरायची नाही. रत्नानं कॉन्टेसा फिरवून डिकी देवीकडे केली, पदर खोचला, डावा हात सीटच्या पाठीवर टाकला आणि मागच्या काचेतून पट्ट्याकडे बघितलं. शेजारी मिस्त्री, पाठीकडे काय वाढून ठेवलंय ते न दिसणारे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

निशाण पडलं. उलटी गाडी वेगात सरळ धरणं म्हणजे काठीच्या टोकावर ताट तोलणं. पण रत्नाचं बोट हललं की गाडी तेवढीच हलायची. दुसरा गिअर, तिसरा. जीपमधल्या दीपकनं शेजारी बघितलं. बायको मान मागे वळवून, सासरा डोळे मिटून, दोघं पाठमोरे देवीकडे निघालेले. त्याला हसू आवरेना आणि त्याचा गिअर हुकला.

कॉन्टेसाची डिकी आधी रेषेपार गेली. मग जीपचं नाक. मग कॉन्टेसाचं नाक.

"नाक आमचं आधी आलं," नाना म्हणाले.

"शेपटी आमची आधी आली," मिस्त्री म्हणाले. डोळे उघडल्याबरोबर तोंडही उघडलं होतं.

शेठजींनी बराच विचार केला. "बैल उलटा पळाला असता ना, तर नियम झाला असता," ते म्हणाले. "आधी चहा घेतो."

रत्ना गाडीतून उतरली. "नाना, निकाल निवांत लागू द्या. मी बाळाला घेऊन आईबरोबर धुळ्याला जाते. आखाजी झाली की येते, तेव्हा सांगा कोण जिंकलं ते."

"अगं, असं कसं?" नाना घाईघाईनं म्हणाले. "मग केळीची ट्रॉली बागेत रिव्हर्समध्ये कोण लावणार? दीपक बांधावर चढवतो."

हे नाना बोलून गेले आणि सगळ्यांनी ऐकलं. तीन आखाज्या लेक का अडकली, ते मिस्त्रींना आत्ता कळलं. ते पायांसकट व्याह्यांकडे वळले.

पण रत्नाच आधी बोलली. "आबांचा दांडा तुमच्या ट्रॅक्टरला बसवून घ्या, नाना. चार गिअर मागचे आहेत. दीपकचीसुद्धा जाईल बागेत."

दीपक पुन्हा हसला, या वेळी बापासमोर. नानांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "पिशवी भर. पौर्णिमेच्या आत ये."

"महिना ठरला होता," कमलबाई म्हणाल्या आणि लेकीचा हात धरून पिशवी भरायला गेल्या.

झोका निंबाला बांधला. कॉन्टेसा अजून वर्कशॉपमध्ये उभी आहे. दांडा सरळ कधी करणार, असं कुणी विचारलं की मिस्त्री म्हणतात, सरळच आहे, गाडी उलटी आहे.