दाजींचा लंडनचा नंबर

माझ्या दाजींइतका अस्वस्थ प्राणी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तोही आत्ता उठून दाजींनाच शोधायला गेला असणार. हा माणूस निवांत टेकून बसलेला मी तरी पाहिलेला नाही. हातात भाकरी, भाकरीवर शेंगाची चटणी, आणि जेवण अंगणात येरझाऱ्या घालत. स्कूटरवर मागं बसायला आपण पाय उचलावा तर गाडी पुढं गेलेली असते. एकदा मला दुकानासमोर तसाच उभा ठेवून ते सात रस्ता चौकापर्यंत माझ्याशी बोलत गेले होते. भुसाराचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून तर पायाला भिंगरीच. लग्न असो, मयत असो, दाजी दाराशी उभे. "बसा की दाजी," म्हटलं की म्हणणार, "बसतो की. जरा उभा ऱ्हातो, मग बसतो."

अशा माणसाच्या हातात मोबाईल पडला. पहाटे 'उठलास का?' आणि पाठोपाठ 'अजून का उठला न्हाईस?' मेसेज पाठवला की लगेच फोन. "मेसेज टाकलाय, बगितलास का?" बघतो म्हटलं तर, "आत्ता बघ. मी धरतो फोन." माझी थोरली बहीण, आमची अक्का, होती तोवर हे सगळं तिच्या एकटीच्या वाट्याला होतं. बाहेरच्या खोलीतून नवरा मेसेज करायचा आणि ती स्वयंपाकघरातून 'हो' लिहायची. ती गेली आणि सगळा लोंढा आमच्याकडं वळला. भावकीच्या ग्रुपमधून त्यांना काढलं, सुनेनं फोनचा आवाज बंद केला. मी तेवढा टिकून राहिलो, कारण बहिणीच्या नवऱ्याला ब्लॉक करायची आमच्यात पद्धत नाही.

रफिकभाईंनी मात्र केलं. रफिकभाई म्हणजे दाजींचे शाळेपासूनचे दोस्त. दोन गल्ल्या पलीकडं त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेऊन स्टेंट घातली, आणि डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. त्या विश्रांतीचं दाजींनी पार वाटोळं केलं. 'झोप लागली का?' हे विचारायला ते रफिकभाईंना झोपेतून उठवायचे. अखेर रफिकभाई कडाडले, "हार्ट से नै मरता मैं, तेरे मेसेजां से मरता!" आणि नंबर ब्लॉक. दाजीही पेटले. "आता त्याच्या दारात पाय ठेवत न्हाय!" आणि खरंच ठेवला नाही, दारावरून मात्र दिवसभर जा-ये सुरू. आतून रफिकभाईंचा आवाज ऐकू आला की चेहरा उजळायचा, नाही आला की माझं डोकं खायचे. "मेला-बिला तर मला कोण सांगणार बे?" एकदा त्यांनी मला विचारलं. डोळ्यांत पाणी होतं आणि पाय चालूच होते.

मग नव्या पेठेतल्या एका मोबाईलवाल्यानं त्यांना वाट दाखवली. इंटरनेटवर म्हणे परदेशातला नंबर भाड्यानं मिळतो. सिमकार्ड नको, पासपोर्ट नको, आणि मेसेजचं ॲप त्यावर झकास चालतं. दाजींनी लंडनचा नंबर घेतला. अमेरिकेचा का नाही घेतला, असं मी विचारलं तर म्हणाले, "लई लांब पडतंय." नाव घेतलं मिस्टर रॉबर्ट. "परदेशी पार्टी म्हटलं की रफिक पळत येतंय बघ," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. आपला टॉवेल परदेशी जावा हे रफिकभाईंचं जन्माचं स्वप्न. 'युवर टॉवेल आय लाईक,' असं लंडनहून गेलं आणि उत्तर आलं, 'वेलकम सर. व्हिच साईज सर?' पहिल्या दिवशी साईज झाली, दुसऱ्या दिवशी रंग झाला, आणि पुढं गाडी रुळावरून घसरली. 'टुडे व्हॉट यू ईट?' 'ऑइल इज बॅड.' 'वॉकिंग डन?' रफिकभाई सगळ्याला 'येस सर'. दाजी मला मेसेज दाखवत गल्लीभर फिरायचे. "बघ, फिरायला जातंय. माझं ऐकला असता का? लंडनचं ऐकतंय."

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी अख्खं घर घागरी-बादल्या घेऊन धावतं. एका सकाळी दाजींच्या गल्लीत पाणी आलं, म्हणजे थोड्या वेळात रफिकभाईंकडं येणार. रफिकभाईंना वजन उचलायची बंदी, आणि त्यांचा मुलगा माल घेऊन हैदराबादला गेलाय हे दाजींना ठाऊक. झालं, धीर सुटला. लंडनहून मेसेज सुटला: 'वॉटर कमिंग युवर लेन. डोन्ट लिफ्ट बकेट.'

पाठवून झाल्यावर डोक्यात उजेड पडला. निळ्या खुणा आल्या, उत्तर येईना. दाजींनी मला फोन लावला. "घात झाला बे! हितलं पाणी लंडनच्या माणसाला कसं कळंल? आता ह्यो नंबर बी गेला. आन् तितं तो एकटाच बादल्या उचलत असंल!" फोन तसाच चालू ठेवून ते निघाले, आणि मीही गाडीला किक मारली.

मी पोचलो तेव्हा दाजी रफिकभाईंच्या अंगणात धापा टाकत उभे होते. रफिकभाई नळाजवळ खुर्ची टाकून शांत बसलेले. नळाखालची बादली भरून पाणी वाहून चाललं होतं. पाण्याच्या दिवशी सोलापुरात असं पाप कुणी करत नाही. त्यांनी बादलीला हात लावला नव्हता. दाजींकडं बघून ते म्हणाले, "आओ, रॉबर्टसाब. लंडन से आनेकू इत्ती देर?"

दाजींनी वाकून बादली उचलली आणि घरातली सगळी भांडी भरेपर्यंत मान वर केली नाही.

नंतर रफिकभाई मला म्हणाले, "टॉवेल लेनेवाला अंग्रेज खाना क्या खाया पूछता क्या कबी?" मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. "बोलता तो वो लिखना बंद करता ना," ते म्हणाले, आणि उगीच एका टॉवेलची घडी घालत बसले.

आता ब्लॉक निघालाय. रोज संध्याकाळी रफिकभाई कारखान्यासमोरच्या बाकावर बसतात, दाजी बाकाशेजारी उभे असतात. लंडनचा नंबर मात्र दाजींनी सोडलेला नाही. समोरासमोर एकमेकांची तब्येत विचारायची या वयाच्या पुरुषांना लाज वाटते. म्हणून हातभर अंतरावरून मिस्टर रॉबर्ट लिहितात, 'हेल्थ हाऊ?' आणि रफिकभाई लिहितात, 'फाईन सर. अँड यू?'

अक्का गेल्यापासून हे दाजींना कुणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. दाजी तो मेसेज वाचतात, फोन खिशात घालतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत येतात. उत्तर काही अजून लिहिलेलं नाही. रफिकभाई फोन हातात धरून बसलेले असतात.