कुणी बसवलंय हे?

अर्नेस्ट ओल्डरॉइड आणि मी यांच्यात फक्त एक विटांची भिंत आहे. तिच्यातून मला गेली कित्येक वर्षं त्याच्या घरातल्या हीटिंगच्या नळ्यांची ठणठण ऐकू येते. इंग्लंडातल्या बॅटलीत आमची सगळी गल्लीच एकमेकांना चिकटलेल्या घरांची, त्यामुळे नोव्हेंबरात एका सकाळी ठणठण थांबली, तेव्हा ती बातमी अर्नेस्टच्या आधी मला कळली.

त्या नळ्यांत गरम पाणी सोडणारा बॉयलर गेला होता.

अर्नेस्ट जन्मभर हीटिंगचीच कामं करत आला. खोल्या तापवणारे अर्ध्या गावाचे रेडिएटर त्याने भिंतींवर टांगलेत. स्वतःच्या घरात बॉयलरपासून माडीवरच्या शेवटच्या नळीपर्यंत सगळं त्याच्याच हातचं. पण गॅसच्या बॉयलरला हात लावायला परवाना लागतो आणि त्याचा परवाना निवृत्तीबरोबर संपला. आता दुसऱ्यांना बोलावून कोटेशनं मागायची पाळी. आचाऱ्याने खाणावळीत ताट घेऊन उभं राहावं, तसा चेहरा झाला होता त्याचा.

त्याची बायको मॅव्हिस दोन स्वेटर आणि ओव्हरकोट घालून दोन दिवस स्वयंपाकघरात बसली, आणि मग बॅग भरून डॉनकास्टरला बहिणीकडे, हिल्डाकडे निघाली.

"रेडिएटर तापला की कळव," ती दारातून म्हणाली. "तोवर फोन करू नकोस. तुझे दात वाजलेले ऐकून मलाच हुडहुडी भरते."

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. कोटेशन द्यायला आलेला माणूस आधी बॉयलरसमोर उभा राहतो. सापावर पाय पडल्यासारखा दातांतून लांब श्वास आत ओढतो. मग म्हणतो, "कुणी बसवलंय हे?" आधीचा कारागीर जितका गाढव ठरेल, तितका आकडा फुगतो. अर्नेस्टने हे वाक्य आयुष्यभर घरोघरी म्हटलंय. माझ्याही घरी म्हटलंय, आणि मी घाबरून सगळ्याला हो म्हणालो होतो.

पहिला आला तो गॅविन. अंगाला अत्तराचा वास, हातात टॅबलेट. मॅव्हिस नव्हती, म्हणून चहा मी दिला, बिस्किटं दिली. त्याने बिस्किट बुडवलं, बॉयलरकडे पाहिलं आणि "स्स्स्" केलं.

"कुणी बसवलंय हे, काका? डोळे मिटून?"

"का रे?"

"ही नळी बघा की. बालवाडीतल्या पोराने रेघ मारावी तशी गेलीय."

"ती नळी," अर्नेस्ट म्हणाला, "तुझा बाप दुपट्यात होता तेव्हापासून एक थेंब गळलेली नाही. चहा ठेव आणि चालू लाग."

दुसऱ्याने दारात बूट काढता काढताच "स्स्स्" केलं. त्याला बूट पुन्हा घालावे लागले. तिसरा "आठ ते एकच्या दरम्यान येतो" म्हणाला. अर्नेस्ट त्या पाच तासांत खिडकी सोडून मोरीतही गेला नाही. दीड वाजता निरोप आला, "येऊन गेलो, घरी कोणी नव्हतं." चौथ्याने बॉयलर पाहिलाच नाही.

"गॅस विसरा काका. बागेत हवेतली ऊब ओढणारा हीट पंप बसवू."

"मला बाग नाही."

"मग मागच्या अंगणात?"

"तिथे कचऱ्याचा डबा आहे."

"डबा हलवता येईल."

"तूच हल," अर्नेस्ट म्हणाला.

तोंडातून वाफ निघत होती, तरी गडी ताठ. मी म्हटलं, "अरे, म्हणू दे की त्यांना काय म्हणायचं ते."

"तुला काय कळतंय? तू पुस्तकं लिहितोस. तुझी पुस्तकं कधी गळत नाहीत."

शेवटी मॅव्हिसचाच फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मी ऐकलं यात माझा दोष नाही.

"आलं का कोटेशन?"

"माणसं बरोबर नाहीत गं."

"तुला नवा बॉयलर हवाय की जुन्याला प्रशस्तिपत्र?"

अर्नेस्टने मफलर आणखी घट्ट गुंडाळला.

"हिल्डा म्हणतेय, कायमची इथेच राहा. हिचं घर बैठं आहे, जिना चढायला नको. मागची खोली रंगवून देतेय मला."

"कोणता रंग?"

"फिकट पिवळा."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ गार रेडिएटरवर हात ठेवून उभा होता. "रंगसुद्धा ठरलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कर्स्टी नावाची बाई आली. गुडघ्यांवर धूळ, कानामागे पेन्सिल. ती बॉयलरसमोर उभी राहिली. मी देवाला हाक मारली. तिने लांब, खोल "स्स्स्" केलं.

"कुणी बसवलंय हे?"

मी दाराकडे सरकलो. अर्नेस्टने बॉयलरकडे पाहिलं. मेलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं.

"आधीचा मालक," तो म्हणाला. "स्वतःला फार शहाणा समजायचा."

"दिसतंयच. आणि ही नळी?"

"गाढव होता, पोरी." त्याने बोटाने नळीवरची धूळ पुसली. "पक्का गाढव."

"आता कुठे असतो?"

"गेला बिचारा. साखर किती घालू चहात?"

काम झालं. मॅव्हिस परत आली, तेव्हा कर्स्टी हत्यारं आवरत होती. "आता निवांत राहा बाई," ती म्हणाली. "आधीच्या मालकाने नुसता घोळ घालून ठेवला होता."

"आधीचा मालक?" मॅव्हिसने विचारलं. ती या घरात लग्न होऊन आली, तेव्हा इथे नुसती कोळशाची शेगडी होती.

तिने अर्नेस्टकडे पाहिलं. तो एक स्वच्छ रेडिएटर पुन्हा पुसत होता. मॅव्हिसने हातमोजे काढून तळवे त्या रेडिएटरवर टेकवले.

"हो गं," ती म्हणाली. "फार हट्टी माणूस. पण इतकी वर्षं मला कधी थंडी वाजू दिली नाही त्याने."

अर्नेस्टचं फडकं थांबलं.

नव्या बॉयलरचा आवाज येत नाही. भिंत आता मुकी झालीय. फक्त त्या संध्याकाळी पलीकडून, अगदी बॉयलरच्या जागेवरून, एक लांबलचक "स्स्स्" ऐकू आलं. पाठोपाठ मॅव्हिसचा आवाज, "अर्नेस्ट! हो बाजूला, चहा गार होतोय!"