जोडीला बाहुली

आमच्या घरी पाहुणे आले, जेवणं झाली आणि टीव्हीवर धड काही नसलं की कुणीतरी म्हणतंच, "ते बाहुलीचं सांगा की." मग मी पदर खोचून उभी राहते, लोडाला पेशंट करते आणि बाहुलीचा, माझा नि आजीचा असे तिन्ही आवाज काढून दाखवते. आजीचं वाक्य आलं की सगळे हसून आडवे होतात, मी पाणी पिते आणि गोष्ट तिथं संपते. खरं तर ती तिथं संपत नाही. पुढचा भाग हसण्यासारखा नसल्यामुळे मी तो कधी सांगितला नाही. लिहायला हरकत नाही. लिहिताना समोरचं कुणी मध्येच उठून बडीशेप शोधायला जात नाही.

मी एएनएमच्या, म्हणजे गावोगावच्या नर्सबाईच्या, ट्रेनिंगला गेले तेव्हा चौतीस वर्षांची होते. वयाची अट पस्तिशीची. सुटलेल्या एसटीच्या पायरीवर पाय टाकावा तशी मी आत शिरले. आमचे हे शिर्डीला एका लॉजच्या काउंटरवर असायचे, पंधरा दिवसांनी घरी यायचे. मुलगी दहा वर्षांची. तिला पाथर्डीकडच्या आमच्या गावी सासूबाईंपाशी ठेवली. सासूबाई वाईट नव्हत्या, स्पष्ट होत्या. पिशवी भरताना म्हणाल्या, "जा, शिक. पर येकदाच हां. नापास झालीस, पुन्यांदा जाते म्हनलीस, तर पोरगी सांबाळायला माज्यात जीव न्हाई." मी मान हलवली. मनात म्हटलं, नापास कशाला होईन? बारावीला मला जीवशास्त्रात चांगले मार्क होते. बारावीला सोळा वर्षं झाली होती, हे काही मनात आलं नाही.

ट्रेनिंग स्कूल नगरला, सावेडीत होतं. मूळचा कुणाचा तरी बंगला. वर वर्ग, मागे होस्टेल आणि तळमजल्यावर, जिथं एकेकाळी गाडी लागत असणार, तिथं डेमॉन्स्ट्रेशनची खोली. दोन खाटा, कपाट, भिंतीवर मोठं घड्याळ आणि एक बाहुली. माणसाएवढी, गोरीपान, निळ्या डोळ्यांची. तिचा उजवा हात खांद्यातून निखळायचा. तो कपाटात ठेवलेला असायचा आणि तपासणीला कुणी आलं की बसवायचे.

पहिल्याच आठवड्यात ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "जोड्या करा. बीपी, नाडी, बँडेज, स्पंज, सगळं एकमेकींवर शिकायचं." दोन मिनिटांत जोड्या झाल्या. मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. चिमण्यांसारख्या दोन-दोन करून बसल्या. आमची संख्या विषम होती आणि उरलेली एक कोण, हे ओळखायला हुशारी लागत नव्हती.

मुली वाईट वागायच्या असं कुणी समजू नये. फार चांगल्या वागायच्या, तीच पंचाईत होती. मला बघून उठून उभ्या राहायच्या. मेसमध्ये आधी मला वाढायच्या आणि मग आपलं ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जायच्या. आपसात त्या "ए बावळट" म्हणायच्या, मला "काकू, तुम्ही बसा ना". आईच्या वयाच्या बाईचा हात दंडापर्यंत उघडा करून पट्टा कसा बांधायचा? तिला स्पंज कसा द्यायचा, ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं? मॅडमनी एकदा एका जोडीत मला घातलं, तर ती मुलगी माझ्या पायाला बँडेज बांधायच्या आधी चक्क पायाला हात लावून नमस्कार करून मोकळी झाली. सगळा वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मॅडम, मी बाहुलीवर करते, मला चालेल."

मला चाललं, कारण चालवून घेतलं. मॅडमचा एक नियम होता. "पेशंटला आधी नमस्कार करा, काय करणार ते सांगा, कसं वाटतंय ते विचारा, मग हात लावा." मी बाहुलीला रोज नमस्कार करायची. "आजी, मी तुमचं बीपी बघते. कसं वाटतंय?" आता बाहुली काय बोलणार? थोडा वेळ मी गप्प उभी राहायची, मग लाज वाटायची. एके दिवशी तिच्या वतीनं मीच बोलले, आमच्या गावाकडच्या आवाजात, "बरी हाय बाई. बघा बिगीबिगी." बरं वाटलं. मग सवयच लागली. महिनाभरात बाहुली मला "जेवलीस का गं?" विचारायला लागली, पोरीचा फोन आला का विचारायला लागली. इंजेक्शन शिकताना मोसंबीला सुई टोचायची असते. तेव्हा मी मोसंबीच्या वतीनंही "आई गं" म्हणाले. बाजूच्या जोडीनं एकमेकींकडे पाहिलं.

नाडी शिकवली तो दिवस मात्र लक्षात आहे. सगळ्या एकमेकींचं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ओठ हलवत बसल्या होत्या. खोली शांत. बाहुलीला नाडी नव्हती. मी माझ्या डाव्या हाताची बोटं माझ्याच उजव्या मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत राहिले. संध्याकाळी मुलीला फोन केला. तिला आजीबरोबर मालिका बघायची होती. "आई, जाहिरात लागली की बोलू," म्हणाली. जाहिरात बहुतेक लागलीच नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर पहिली प्रॅक्टिकल आली. जिवंत पेशंटवर, दवाखान्यात. माझ्या वाट्याला आली एक म्हातारी. शेवगावकडची, दमा आणि ताप. घरचे सगळे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. शेजाऱ्यानं आणून दाखल केलं आणि तोही परत गेला. खाटेजवळ मी, मॅडम आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई.

मी नमस्कार केला. "आजी, मी तुमचं बीपी बघते. कसं वाटतंय?" आणि त्याच श्वासात, त्याच गावाकडच्या आवाजात, "बरी हाय बाई. बघा बिगीबिगी."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोण बोललं?"

मला काय झालंय हे अजून कळलंच नव्हतं. मी आपली पुढे. "हात दुखतोय का? न्हाई, न्हाई दुखत." आणि डावा हात धरून पट्टा आवळला. डावा, कारण बाहुलीला तोच होता. आजीच्या डाव्या हाताला सकाळपर्यंत सलाइन लागलेली होती आणि तो कोपरापासून सुजलेला होता. मी फुगा दाबला आणि आजी ओरडली, "आगं माय! सोड, सोड! इचारती तूच, सांगती तूच. माजं त्वांड हाय का न्हाई?"

घरी गोष्ट इथं संपते.

मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काकू," म्हणाल्या. त्याही मला काकूच म्हणायच्या, माझ्याहून पाचएक वर्षांनी मोठ्या होत्या. "तुमचे हात छान चालतात. पण पेशंट तुम्हाला दिसतच नाही. मी पुन्हा एक संधी मागून घेतलीय. त्यातही असंच झालं तर पुढच्या बॅचबरोबर बसावं लागेल. आणि आता माणसावर सराव करा. एखाद्या मुलीला सांगा."

पुढची बॅच म्हणजे आणखी एक वर्ष, आणि ते वर्ष सासूबाईंनी आधीच नाकारलेलं होतं. म्हणजे पिशवी भरायची, एसटीत बसायचं आणि जन्मभर "नर्स व्हायला गेल्ती" म्हणून ओळखलं जायचं. त्या रात्री मेसमध्ये मी दोनदा ठरवलं की एखादीला म्हणू, "तुझा हात दे गं जरा." दोन्ही वेळा मीठ मागितलं.

मुलींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता, मी त्यात होते. त्यावर वेळापत्रक यायचं. बाकीचं हसणं-खिदळणं वेगळ्या ग्रुपवर चालायचं, हे मला खोल्याखोल्यांतून एकाच वेळी येणाऱ्या टुंग आवाजावरून कळायचं. माझा फोन तेवढा गप्प असायचा.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी दवाखान्यात गेले. प्रत्येक खाटेभोवती डबे, नातेवाईक, केळ्याच्या साली. आजीच्या खाटेपाशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आजी, काल चुकलं माझं. तुमच्यावर थोडा सराव करू का? उजव्या हातावर."

"करशील," आजी म्हणाली. "पर आदी बस. मला बोलायचं हाय. चार दिस झालं, तुमी लोक निस्तं येता, हात धरता, जाता. कुनी बसत न्हाई."

मी बसले. आजी बोलायला लागली. तिच्या शेळीचे कान किती लांब आहेत, सून भाकरी जाड थापते पण मनानं मऊ आहे, कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत नातवाला थंडी लागत असेल का. मध्येच दम लागून ती थांबायची. अशी थांबली की माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार असायचं. ती हात वर करायची. "थांब. माजं मला सांगू दे."

थांबणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. कुणी गप्प राहिलं की ती शांतता माझ्या अंगावर यायची, म्हणून मी ती भरून टाकायची. बाहुलीपाशी तेच केलं होतं. खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासून फोनवरही तेच करत आले होते. "जेवलात का? जेवला असाल. कामात आहात ना? बरं, ठेवते." आमचे हे बिचारे पलीकडे हॅलो म्हणायला तोंड उघडेपर्यंत फोन ठेवलेला असायचा.

मी रोज संध्याकाळी जायला लागले. आधी आजीचं बोलणं, मग बीपी. पट्टा बांधताना ती सांगायची, "जरा सैल. हां. आता फुगीव." एकदा माझी बांगडी तिच्या हाताला लागली, तर म्हणाली, "तुजी बाहुली बोलत नव्हती, मी बोलनार." बाहुलीचं सगळं मी तिला सांगून टाकलं होतं. दमा असताना इतकं हसू नये, इतकी ती हसली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गेले तर खाट रिकामी. चादर नवी, कोपरे घट्ट दुमडलेले, आम्हाला शिकवतात तसे. वॉर्डच्या सिस्टर औषधाची गाडी ढकलत होत्या. त्यांनीच हाक मारली. "बाहुलीवाली तुम्हीच ना? सुट्टी झाली त्यांना. पुतण्या टेम्पो घेऊन आला होता. दोनदा म्हणाल्या, ती बाई येईल, तिला सांगा, गेले म्हणून." मी बरं म्हटलं. त्या दुमडलेल्या कोपऱ्याशी उगाच थोडी उभी राहिले. भेटायची वेळ संपेपर्यंत मला कुठं जायचंच नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेत एक मध्यमवयीन मुस्लिम बाई होत्या, नगरच्याच. मी नमस्कार केला, सांगितलं, विचारलं, "कसं वाटतंय?" त्या छताकडे बघत राहिल्या. परीक्षक बाईंनी पेन टिकटिकवलं. माझ्या जिभेवर "बरी हाय" येऊन बसलं होतं. मी दातांवर दात दाबले. मॅडमनी डोळे मिटले होते, त्यांना बहुतेक बघवत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या बाई म्हणाल्या, "चक्कर येते, उठलं की. सकाळपासून. कुणाला बोलले नाही." परीक्षक बाईंचं पेन थांबलं. "कोणता हात घेऊ?" मी विचारलं. त्यांनी स्वतःच उजवी बाही वर केली.

मी पास झाले.

आणि पास झाल्यावर लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला, याचा काही अभ्यास केलेला नाही. यांना फोन लावला. गुरुवार होता, शिर्डीत गर्दीचा दिवस. "काउंटरवर रांग आहे गं, रात्री करतो." सासूबाई शेतात. मुलगी शाळेत. आजीचा नंबर मी घेतलाच नव्हता. तिच्याकडे फोन होता की नाही हेसुद्धा विचारलं नव्हतं. मुली बाजूच्या खोलीत कशावर तरी खदखदून हसत होत्या.

मी खाली डेमॉन्स्ट्रेशनच्या खोलीत गेले. बाहुली खाटेवर पडलेली, छताकडे बघत. तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. "झालं बाई एकदाचं," म्हटलं. "तू कशी आहेस?" आणि नव्या सवयीनं थांबले.

ती अर्थातच काही बोलली नाही. मीही तिच्या वतीनं बोलले नाही. घड्याळ तेवढं चालू होतं. इतके महिने त्या खोलीत मी एकटी होते, पण कळलं त्या दिवशी.

दारात चप्पल वाजली. राजूरच्या वरच्या एका वाडीतली मुलगी होती, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. तिची जोडीदारीण लग्न ठरल्यामुळे त्याच आठवड्यात ट्रेनिंग सोडून गेली होती. आता संख्या सम झाली होती आणि मी आपल्याच परीक्षेच्या नादात ते मोजलंही नव्हतं. ती दारातच घुटमळत म्हणाली, "काकू, मला नाडी अजून नीट घावत न्हाई. तुमचा हात घेऊ का?"

मी हात पुढे केला. तिनं दुसरं स्टूल ओढलं, माझं मनगट मांडीवर घेतलं, तीन बोटं ठेवली. थंडगार बोटं होती. चुकीच्या जागी ठेवली होती. मी सांगणार होते, पण थांबले. तिची तिनं सरकवली. मग ओठ हलवत ती घड्याळाकडे बघत राहिली आणि मी खिडकीकडे, कारण दुसरीकडे कुठं बघणं शक्य नव्हतं.

"लई जोरात पळतीय काकू," ती म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "जिना चढून आले ना."

ती खोली तळमजल्यावर होती. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.