तिसऱ्या दरवाजाचं मौन

देवगिरीच्या किल्ल्यावर मी वीस वर्षं गाईडचं काम केलं आणि वीस वर्षं खोटं बोललो. त्यामुळं माझा आवाज गेला तेव्हा देवानं नेमका गळाच का धरला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दरवाजावरचे लोखंडी खिळे मी मोजायचो हत्तींच्या हिशोबानं; कोणत्या खिळ्याला कोणता हत्ती घाबरला, त्याची नावंसुद्धा माझ्याकडं तयार असायची. खंदकातली मगर तर मी दरवर्षी थोडी थोडी वाढवत नेली. शेवटी तिचं तोंड किल्ल्यात आणि शेपूट पार शहरातल्या गुलमंडीत, अशी वेळ आली. लोक हसायचे, पोरंबाळं खूश व्हायची. मला वाटायचं, यात कुणाचं काय जातं?

पण एक थाप मी चक्क देवाच्या नावावर खपवली होती. सलग दुसरा दुष्काळ होता. शहर चिकलठाण्याच्याही पुढं पसरत चाललेलं, टँकर सगळे नव्या वसाहतींकडं पळायचे, आणि माझ्या हातात दिवसभराला एक बाटली पाणी. चार चार फेऱ्या, तोंडाची टकळी सुरू, घसा म्हणजे भाजलेली वीट. तेव्हा एका दुपारी तिसऱ्या दरवाजात उभं राहून मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "इथून अंधारीच्या भुयारापलीकडच्या गणपतीपर्यंत जो एक शब्द बोलणार नाही, त्याच्या मनातलं गणपती ऐकतो. जुना नेम आहे. गाईडलाही बोलायची बंदी आहे." नेम माझ्या घशानं काढलेला, वय पाच मिनिटं. पण लोक असे गप्प झाले की मीच चकित. तेव्हापासून रोज चारदा मी आरामात गप्प चालायचो आणि वर पुण्यवान दिसायचो.

पुढच्या उन्हाळ्यात आवाज खरोखरच बसला. शहरातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ. सहा आठवडे तोंडातून हूं की चूं नाही. तेवढ्यात जिरली तर ठीक, नाहीतर कापायची, आणि कापल्यावर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही. बायको म्हणाली, "वीस वर्षांनी घरात कुकरची शिट्टी ऐकू आली बघा." पण हे म्हणताना तिनं तोंड फिरवलं, डोळे पुसले. मुका गाईड म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं. करमेना म्हणून मी रोज किल्ल्यावर जाऊन पहिल्या दरवाजाच्या पायरीवर बसायचो. देवाकडं मागायची लाज वाटायची. ज्याच्या नावावर थापा मारल्या, त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहणार?

पाचव्या आठवड्यात एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. शेंद्र्याच्या कासाबाई. साठीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या, मागं सून.

"गाईडबाबा, वळखलं का? गेल्या साली तुमीच मौनाचा नेम सांगितला व्हता. लई गुण आला बघा. फेडायला आलोय."

खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर नुसती हवा. मी गळ्याकडं बोट दाखवलं.

"अगं, मौन धरलंय त्यांनी!" कासाबाई सुनेला म्हणाल्या. "बोलू नका, बाबा, मोडंल. पर मंग हितं का बसलात? चला की वर!"

नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो. मी उठलो.

तिसऱ्या दरवाजापासून आम्ही तिघं गप्प चालू लागलो. वीस वर्षं ज्या कड्याबद्दल मी बोललो, तो मी पाहिलाच नव्हता. कातळावर छिन्नीचे घाव होते, शेजारी शेजारी, हजारो. कुणीतरी एकेक घाव घालत गेला होता, आणि त्याचं नाव माझ्या एकाही गोष्टीत नव्हतं. अंधारीत एका जागी छत एकदम खाली येतं. तिथं मी "डोकं सांभाळा" म्हणून ओरडायचो आणि स्वतः ताठ उभा राहून लोकांची फजिती बघायचो. आज ओरडता येईना. कासाबाईंचा हात माझ्या पाठीवर होता. म्हणून मीच आधी वाकलो, अगदी खोल. त्यांच्या हाताला ते कळलं, त्या वाकल्या, त्यांच्यामागं सून वाकली. गणपतीपुढं पोचलो तेव्हा मन इतकं भरलं होतं की आवाज मागायचा राहूनच गेला. कासाबाईंनी तांब्यातलं पाणी देवाला दाखवलं आणि पहिला घोट मला दिला.

त्यानंतर सातव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठ हरभऱ्याएवढी होती, ती मोहरीएवढी झालेली. म्हणाले, कापायची गरज नाही. मी त्यावर काही वाद घालत नाही. औषधही घेतलं होतं, गप्पही होतो.

आवाज परतल्यावर तडक शेंद्र्याला गेलो. म्हटलं, "कासाबाई, तो नेम खोटा होता. मीच रचलेला."

त्या ज्वारी निवडत होत्या. मानसुद्धा वर केली नाही. "व्हय, मला ठावं हाय. गाईड खरं कवा बोलतो? पर टँकरच्या पाण्यावरनं सुनेचं न् माझं रोज वाजायचं. गेल्या साली त्या वाटंत तोंड बंद ऱ्हायलं, तवा अंधारात तिचा हात धरावा लागला. तो सुटलाच नाय. तुमी रचला, पर तुमच्या तोंडात घातला कुणी?"

मगर अजून वाढते आहे, हत्तींनाही नवी नावं मिळताहेत. पण तिसऱ्या दरवाजाशी आलो की मी खरोखर गप्प होतो, आणि छत खाली येतं तिथं, लोकांच्या आधी, वाकतो.